नितळ म्हणजे निर्मळ नव्हे

‘खऱ्या द्रावणाचे गुणधर्म लिहा’ हा प्रश्न शाळेच्या विज्ञानाच्या पेपरात दोन-तीन गुणांसाठी येतो आणि ज्याचे उत्तर पाठ आहे त्याला तो सोडवायला मिनिटभर पुरते. खरे द्रावण एकजिनसी असते, पारदर्शक असते. त्यातले कण डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. कितीही वेळ ठेवा, ते तळाशी बसत नाहीत. गाळणकागदातून ते आरपार जातात. प्रकाशाचा झोत टाकला तर ते तो विखुरत नाहीत. पेपर संपला की हे उत्तर विसरले जाते, कारण ते मिठाच्या किंवा साखरेच्या पाण्याबद्दल आहे असे आपल्याला वाटते. पण हेच पाच मुद्दे पिण्याच्या पाण्याच्या हंड्यासमोर उभे राहून वाचले तर त्यांचा अर्थ पार बदलतो. पाण्यात काही विरघळले असेल तर ते दिसणार नाही, बसणार नाही, गाळले जाणार नाही आणि पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसेल. पाठ्यपुस्तकाने ज्यांना गुणधर्म म्हटले, ते पाणी पिणाऱ्याच्या दृष्टीने धोक्याचे इशारे आहेत. घरापासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत आपण हे इशारे पुरेशा गांभीर्याने घेतलेले नाहीत. पाण्याची पारख आपण अजूनही डोळ्यांनी करतो, आणि खरे द्रावण डोळ्यांना हमखास फसवते.

हे किती सहज घडते ते तीन पेल्यांत दिसते. एका पेल्यातल्या पाण्यात चिमूटभर माती टाका, दुसऱ्यात दुधाचे दोन-तीन थेंब आणि तिसऱ्यात चमचाभर मीठ. ढवळून अर्धा तास तसेच ठेवा. मातीचे जाड कण तळाशी बसतात, हे निलंबन. दुधाचे पाणी तसेच धुरकट राहते. खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चचा झोत त्यातून सोडला तर प्रकाशाची वाट पाण्यात स्पष्ट उमटते, हे कलिल. धुळकट खोलीत कवडशाची वाट दिसते ती याच कारणाने. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडाल यांनी या विखुरण्याचा अभ्यास केला म्हणून त्याला टिंडाल परिणाम म्हणतात. तिसऱ्या पेल्यात मात्र झोत कुठून शिरला आणि कुठून गेला याचा मागमूसही लागत नाही. खऱ्या द्रावणातला कण साधारण एका नॅनोमीटरपेक्षा लहान असतो आणि मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. इतका लहान कण प्रकाशाच्या वाटेत अडसर होत नाही, आणि पाण्याच्या रेणूंच्या अखंड धक्काबुक्कीत तळाशी बसण्याइतका भारही त्याला नसतो. तिसऱ्या पेल्याची चुगली करते ती फक्त चव. मिठाच्या जागी फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक असेल, तर शरीराला अपाय करणाऱ्या प्रमाणातही चव काही सांगत नाही. मग चुगली करायला कुणीच उरत नाही.

पाणी शुद्ध करण्याच्या आपल्या परंपरेकडे या नजरेने पाहिले तर तिची ताकद आणि तिची हद्द दोन्ही कळतात. पाणी फडक्यातून गाळणे, त्यात तुरटी फिरवणे, निवळीची बी उगाळणे, रात्रभर स्थिर ठेवून वरचे पाणी काढून घेणे, हे सारे उपाय खरेच काम करतात. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक घड्यांतून पाणी गाळले तर कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, असे २००३ मध्ये दिसून आले. कारण कॉलऱ्याचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात, ते त्या घड्यांमध्ये अडकतात. तुरटी मातीच्या अतिसूक्ष्म, एकमेकांपासून दूर राहणाऱ्या कणांना एकत्र आणते, त्यांचे पुंजके होतात आणि ते खाली बसतात. पण हे सगळे निलंबन आणि कलिल यांच्यावरचे इलाज आहेत. साडीच्या घड्यांतली भोके विरघळलेल्या क्षाराच्या कणापेक्षा हजारो पटींनी मोठी असतात. घरी फिरवतो तेवढ्या तुरटीला नायट्रेटचे काहीही करता येत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पाण्याचा तात्पुरता जडपणा पांढऱ्या थराच्या रूपाने पातेल्याला चिकटतो. परंतु फ्लोराइड आणि नायट्रेट वाफेबरोबर उडून जात नाहीत. पाणी आटते आणि तेवढ्याच क्षारासाठी पाणी कमी उरते, म्हणजे द्रावण उलट तीव्र होते. ‘पाणी निवळले’ या शब्दप्रयोगात आपण जे समाधान भरले आहे, ते अर्ध्याच सत्यावर उभे आहे.

या अर्ध्या सत्याची किंमत किती मोठी असू शकते हे बंगालच्या त्रिभुज प्रदेशाने दाखवून दिले. तळी आणि उघड्या विहिरींच्या गढूळ पाण्यातून हगवण आणि कॉलरा पसरत होता, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकार यांच्या मदतीने बांगलादेशात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जमिनीखालचे पाणी थंड, स्वच्छ आणि जंतूंपासून बरेचसे मुक्त होते. लोकांनी विश्वासाने ते स्वीकारले. सीमेच्या अलीकडे पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रुग्णांच्या त्वचेवरचे डाग आणि हातापायांवरचे कडक चट्टे पाहून आर्सेनिकची विषबाधा ओळखली होती. तरीही १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या भूजलाची तपासणी केली तेव्हा अनेक मूलद्रव्ये मोजली, आर्सेनिक मात्र मोजले नाही. बांगलादेशातल्या विहिरींत ते आहे यावर १९९३ मध्ये शिक्कामोर्तब झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली आलेल्या लेखात साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन कोटी ते ७ कोटी ७० लाख लोकांना धोका असल्याचा अंदाज मांडला गेला आणि इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असल्याचे म्हटले गेले. कुणी विष कालवले नव्हते. कुणी लपवलेही नव्हते. ते पाण्यात विरघळलेले होते आणि ज्याची चाचणीच केली नाही ते कागदावरही येत नाही, एवढेच झाले. पुढे तिथे कूपनलिकांना रंग दिले गेले. आर्सेनिक मर्यादेबाहेर असेल तर लाल, नसेल तर हिरवा. पाण्याने जे सांगितले नाही ते शेवटी लोखंडावर रंगवून सांगावे लागले.

महाराष्ट्राची भूमी वेगळी, खडक वेगळा आणि आर्सेनिकचे तसे संकटही इथे नाही. पण गोष्टीचा सांगाडा ओळखीचा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधनविहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांच्यावर हापसे बसले. सगळ्या देशाने पुढे स्वीकारलेल्या ‘इंडिया मार्क टू’ या हातपंपाचे पूर्वज जालना आणि सोलापूर या नावांनीच ओळखले जात, हे आपण अभिमानाने सांगावे असे आहे. या हापशांनी बायकांची पायपीट वाचवली आणि मुलांचे जीव वाचवले, यात शंका नाही. मात्र पाणी जितका जास्त काळ खडकाच्या सहवासात राहते तितके ते खडकातले काही ना काही विरघळवून घेते. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट परिसरातल्या अनेक गावांत ते काही म्हणजे फ्लोराइड ठरले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतच फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. दीड मिलिग्रॅम म्हणजे वजनाने बारीक मिठाचे पंचवीसेक कण. एक लिटर पाण्यात तेवढे कण आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट कण यांतला फरक जगातल्या कुठल्याही डोळ्याला दिसणार नाही. तो दिसतो वर्षानुवर्षांनी, मुलांच्या दातांवरच्या पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांत आणि मोठ्यांच्या आखडलेल्या सांध्यांत. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, क्षारांचे प्रमाण एवढे आहे की तिथे निदान जीभ तरी सावध करते. पण खारट पाणी ओळखता येते म्हणून ते प्यावे लागत नाही असे नाही. नायट्रेटची गोष्ट आणखी वेगळी. ते बहुतेक वेळा खडकातून येत नाही, आपणच पाठवतो: शेतातल्या खतातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि मानकाने तीत कसलीही सवलत ठेवलेली नाही, कारण वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या बाळांत हा प्रकार १९४५ मध्ये नोंदवला गेला. बाळ निळे पडते आणि काळजीपोटी पाणी जास्त उकळणारी आई नकळत नायट्रेटची तीव्रता वाढवत असते.

आता आपली व्यवस्था पाण्याकडे कशी पाहते ते पाहू. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावातल्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. विहिरीभोवती घाण आहे का, गळती आहे का, टीसीएल या क्लोरीनच्या पावडरचा पुरेसा साठा आहे का, ती नियमित टाकली जाते का, असे प्रश्न त्यात असतात. योजना उत्तम आहे. लाल कार्डाची नामुष्की टाळण्यासाठी गावे हलतात, जलसुरक्षक कामाला लागतो, पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला का हे पाहिले जाते. पण हे कार्ड सांगते ते जंतूंच्या धोक्याबद्दल. बांगलादेशातला हिरवा रंग आणि आपल्याकडचे हिरवे कार्ड यांचा अर्थ एक नाही. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट आहे, तेही स्वच्छता चोख ठेवून हिरवे कार्ड मिरवू शकते. त्या गावातल्या सामान्य माणसाने हिरव्या कार्डाचा अर्थ ‘आपले पाणी चांगले’ असा घेतला तर चूक त्याची नाही. रासायनिक तपासण्या होतच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवण्याची तरतूद आहे. आकडे पोर्टलवर चढतात. पण आपल्या नळाच्या पाण्यातले नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे किती घरांत ठाऊक असेल? कार्डाचा रंग ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि रसायनाचा आकडा संगणकात, ही विभागणीच सांगते की आपण दिसणाऱ्या धोक्याला पुढे आणि न दिसणाऱ्याला मागे बसवले आहे.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जंतू आठवड्यात जीव घेतात, फ्लोराइड वीस वर्षांनी हाडे वाकवते. मग पैसा आणि मनुष्यबळ मर्यादित असताना आधी जंतूंकडेच पाहायला नको का? नक्कीच पाहायला हवे. क्लोरीनची पावडर बंद करून फ्लोराइड मोजत बसा, असे कुणी म्हणत असेल तर तो वेडेपणा आहे. पण प्राधान्य आणि पर्याय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जंतूंपासून वाचवण्यासाठी बंगालात विहिरी खोदल्या गेल्या हे बरोबरच होते. खोदलेल्या विहिरीत काय विरघळले आहे हे एकदा तरी तपासायला हवे होते, एवढाच फरक होता. शिवाय दोन्ही धोक्यांचा स्वभाव वेगळा आहे. जंतूंचे प्रमाण आज एक तर उद्या दुसरे. एक पाइप फुटला की सगळे बदलते, म्हणून तिथे रोजची पहारेदारी लागते. खडकातून येणारे फ्लोराइड ऋतूनुसार थोडे वर-खाली होते, पण एका रात्रीत उगवत नाही. त्याची पहारेदारी स्वस्त आहे: वर्षातून एक-दोन नेमक्या चाचण्या पुरतात. म्हणजे न दिसणाऱ्या धोक्यावर लक्ष ठेवायला दिसणाऱ्यापेक्षा कमी खर्च येतो आणि तरीही तेच मागे राहते. त्याचे कारण खर्चात शोधण्यापेक्षा डोळ्यांच्या सवयीत शोधलेले बरे.

शहरांनी या प्रश्नाचे आपले उत्तर शोधले आहे आणि ते म्हणजे टीडीएस मीटर आणि आरओ यंत्र. विक्रेता पेनाएवढे मीटर पेल्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरातले सगळे घाबरतात. डोळ्यांवरचा आंधळा विश्वास जाऊन एका आकड्यावरचा आंधळा विश्वास आला, इतकाच हा बदल. हे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधते. काय विरघळले आहे, हे ते सांगत नाही. पाण्यात चमचाभर साखर विरघळवली तर आकडा जवळपास हलणारही नाही, कारण साखरेचे रेणू विद्युतभारित कणांत फुटत नाहीत. तेच मीटर नारळपाण्यात बुडवले तर आकडा पिण्याच्या पाण्याची मर्यादा कितीतरी ओलांडेल. मग नारळपाणी विषारी ठरवायचे का? उलट आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि पूर्णांकांत बोलणाऱ्या मीटरला ती कळणे शक्यच नाही. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आणि पर्यायी स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅम आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करण्याचे निर्देश केंद्राला दिले. पाण्याची नासाडी थांबवण्याचा त्यामागचा हेतू रास्त होता. पण ४०० टीडीएसच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असू शकते आणि ९०० टीडीएसचे पाणी केवळ कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे जड असू शकते. एकूण बेरीज पाहून घराची श्रीमंती कळेल, घरात चोर आहे का ते कळणार नाही.

समजा, काय विरघळले आहे ते कळले. मग ते काढून टाकणे तरी सोपे आहे का? इथे खऱ्या द्रावणाचा असा एक गुणधर्म पुढे येतो ज्यावर याकोबस व्हान्ट हॉफ यांना १९०१ चे, म्हणजे रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल मिळाले. विरघळलेल्या कणांमुळे द्रावणाला परासरण दाब येतो, आणि पाणी परत वेगळे काढायचे तर त्या दाबाविरुद्ध रेटावे लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाब वातावरणाच्या दाबाच्या पंचवीस पटींच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे अडीचशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. प्रत्यक्ष संयंत्रात त्याच्या दुपटीहून अधिक दाब द्यावा लागतो. आधुनिक संयंत्रांनाही हजार लिटर गोडे पाणी काढायला तीन ते चार युनिट वीज लागते. मुंबई महापालिकेने मनोरी इथे रोज २० कोटी लिटरचा प्रकल्प आखला आहे. या हिशेबाने त्याला रोज सहा ते आठ लाख युनिट वीज लागेल. घरातल्या यंत्रात दाब कमी लागतो, पण एक लिटर पाणी मिळवताना अनेकदा त्याच्या तिप्पट पाणी मोरीत जाते. आणि यंत्र क्षार नष्ट करत नाही, ते फक्त दुसरीकडे ढकलते. ज्या बोअरमधून फ्लोराइड वर काढले, त्याच्याच शेजारच्या शोषखड्ड्यात ते अधिक तीव्र होऊन परत जमिनीत उतरते. दुसरा मार्ग रसायनाचा आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना आणि भरपूर तुरटी वापरून विरघळलेल्या फ्लोराइडला न विरघळणाऱ्या गाळात ओढून आणतात. घरगुती तुरटीला जे जमत नाही ते मोठी मात्रा, चुना आणि काटेकोर मोजमाप यांनी जमते; पण मागे उरतो तो फ्लोराइडयुक्त गाळ आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न. एकदा विरघळलेले वेगळे करता येते. मात्र त्याची किंमत वीज, पाणी किंवा कचरा यांपैकी कशात तरी मोजावीच लागते.

म्हणूनच सगळ्यात शहाणा उपाय आहे तो विरघळू न देण्याचा, जिथे ते आपल्या हातात आहे तिथे. फ्लोराइड सोडणारा खडक बदलता येत नाही. नायट्रेटचे आणि कारखान्याच्या क्षारांचे उगम मात्र आपल्या हातात आहेत. युरिया पाण्यात अतिशय विरघळतो, लिटरभर पाण्यात किलोभर सहज. म्हणूनच तो पिकाला पटकन लागू पडतो आणि म्हणूनच पिकाने न घेतलेला हिस्सा मातीतल्या जिवाणूंच्या हातून नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो. हप्त्याहप्त्याने, माती परीक्षणाप्रमाणे खत दिले तर पैसे वाचतात ते शेतकऱ्याचे आणि पाणी वाचते ते गावाचे. कारखान्यांच्या बाबतीत तमिळनाडूच्या तिरुप्पूरचा धडा डोळ्यांसमोर असावा. तिथल्या रंगाई कारखान्यांचे सांडपाणी नोय्यल नदीत जात राहिले आणि सिंचनासाठी बांधलेले ओरथुपालयम धरण क्षारयुक्त पाण्याचा साठा होऊन बसले. ते पाणी शेतात सोडू नका, असे शेतकरीच सांगू लागले. अखेर २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाणी शून्यावर आणेपर्यंत कारखाने बंद ठेवायला लावले. सांडपाण्याचा रंग काढणे तुलनेने सोपे असते, क्षार काढणे अवघड. आपल्या औद्योगिक वसाहतींतून बाहेर पडणारे पाणी ‘रंगहीन’ झाले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात बेसुमार पाण्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनी हा त्याच हिशेबाचा दुसऱ्या बाजूचा ताळेबंद आहे: पाणी उडून जाते, विरघळलेले मागे राहते.

असेही म्हटले जाईल की हे सारे लोकांसमोर मांडले तर भीती पसरेल आणि त्या भीतीचा फायदा यंत्रे विकणाऱ्यांनाच होईल. हा धोका खरा आहे. पण भीती पोसली जाते ती अर्धवट माहितीवर. विरघळलेले म्हणजे वाईट, असे समीकरण रसायनशास्त्र मांडतच नाही. पाण्याला चव येते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि पाण्याच्या द्रावणाने कॉलऱ्याच्या रुग्णांना वाचवले, तेव्हा जीव वाचवणारे होते ते नेमक्या प्रमाणातले एक खरे द्रावणच. प्रमाण चुकले असते तर तेच द्रावण घातक ठरले असते. सगळा प्रश्न कोणता पदार्थ आणि किती एवढाच असतो, आणि ही दोन्ही उत्तरे फक्त मोजमापातून मिळतात. ‘आमचे वाडवडील हेच पाणी पीत आले’ हा युक्तिवादही इथे टिकत नाही, कारण वाडवडील शंभर मीटर खोल बोअरचे पाणी पीत नव्हते आणि त्यांच्या शेतात युरियाची पोती रिकामी होत नव्हती. विहीर तीच असली तरी तिच्यात उतरणारे पाणी बदलले आहे.

तेव्हा मागणी अगदी छोटी आहे आणि तिला नव्या कायद्याची वा मोठ्या निधीची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या ज्या भिंतीवर लाल, पिवळे वा हिरवे कार्ड लागते, त्याच भिंतीवर प्रत्येक स्रोताच्या रासायनिक तपासणीचे चार आकडे रंगवावेत: फ्लोराइड, नायट्रेट, एकूण जडपणा आणि टीडीएस. शेजारी मानकाची मर्यादा, तपासणीची तारीख आणि ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘फक्त वापरासाठी’ असा मराठीतला निर्वाळा. शहरांमध्ये पाणीपट्टीच्या बिलामागे तेच आकडे छापावेत. मर्यादा ओलांडली असेल तिथे पिण्यासाठी दुसरा स्रोत किंवा गावपातळीवरचे शुद्धीकरण, आणि त्यातून उरलेल्या क्षारांची विल्हेवाट कुठे लावणार याचे उत्तर आधी. शाळेनेही ‘गुणधर्म लिहा’ एवढ्यावर न थांबता मुलांना भिंतीवरचे आकडे वाचायला पाठवावे, म्हणजे दोन गुणांचे उत्तर आयुष्यभर पुरेल. आणि घरोघरच्या वाचकांना एवढेच सांगणे आहे: पाणी पेल्यात धरून उजेडाकडे पाहू नका, त्याचा अहवाल मागा. उजेड फक्त गढूळपणा दाखवतो. जे विरघळले आहे ते आकड्याशिवाय दिसत नाही.